इहीनबाई, उठा

विहीणबाई, मागच्या महिन्यात तुमच्या तेरवीला मांडवात पाऊल टाकलं न टाकलं तोच कोणीतरी मला खुर्ची आणून दिली. मुलीची आई, त्यात सत्तरीला टेकलेली, अमरावतीहून एसटीत बसून आलेली. लाल प्लॅस्टिकची खुर्ची, तीही फडक्यानं पुसून. आणि मला हसू आलं. तेरवीत हसणं बरं दिसत नाही म्हणून पदर तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मला खरंच रडू आलं. हसणं आणि रडणं दोन्ही एकदम चाललेलं, त्या बिचारीला काही उमजेना. मी खुर्ची बाजूला सारली आणि सतरंजीवर बसले. तुम्ही असतात तर लगेच म्हणाला असतात, "बसान त बसान, पन उठान कशा?"

आपली ओळख तशी जुनी. माझी मंजुषा तुमच्या सुनीलला दिली, त्याला इतकी वर्षं झाली की नात कॉलेजात जायला लागली. पण त्यातली जवळजवळ सगळी वर्षं आपण विहिणींनी वागावं तशाच वागलो. मी वाकायचं, तुम्ही "असू द्या, असू द्या" म्हणायचं. सणाला साडीचोळी, आणि जेवताना एकमेकींच्या भाजीची तोंडभर स्तुती, मग ती भाजी खारट का असेना. हिवरखेडला तुमच्या ओसरीवर बसून मी घड्याळ बघायची आणि तुम्ही अंगणातल्या कोंबड्या बघायचात. मी अमरावतीच्या शाळेत जन्मभर शिट्टी फुंकून पोरींकडून कवायत करून घेतलेली, तुम्ही जन्मभर वावरात. बोलायचं तरी काय? मैत्री झाली ती मागच्या उन्हाळ्यात, आणि तीही एका खुर्चीमुळं.

त्याच्या दोन वर्षं आधी हिवरखेडच्या न्हाणीत तुम्ही पाय घसरून पडलात. सुनीलरावांनी तुम्हाला अकोल्याला आपल्या घरी आणलं. डॉक्टरांनी महिनाभर आराम सांगितला. महिना संपला, पण आराम काही संपला नाही. माझी मंजुषा नोकरीवर जायच्या आधी चहा हातात, नाश्ता हातात, औषध हातात. वाटी उचलायची नाही, पदार्थ वाढून घ्यायचा नाही. सुनीलरावांनी तर मागं रेलणारी खुर्ची आणली, बटण दाबलं की पाय आपोआप वर होणारी. इमारतीला लिफ्ट. तुमच्यावर त्या दोघांचा इतका जीव की त्या जीवापायी तुमचं अंग आखडून लाकूड झालं, आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी आले तेव्हा तुम्ही मला बघून उठायला गेलात. खुर्चीचे दोन्ही हात धरले, जोर केला, अर्ध्यापर्यंत आलात आणि परत बसलात. मंजुषा धावत आली, बगलेत हात घालून तिनं तुम्हाला उभं केलं. त्या वेळी तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मला ते फार लागलं. लग्नाच्या मांडवात पाण्याचा भरलेला हंडा कडेवर घेऊन माझ्यापुढून तरातरा चालत गेलेली बाई मी पाहिलेली होती.

संध्याकाळी आपण दोघीच होतो. तुम्ही हळूच म्हणालात, "सून माही सोन्यासारखी हाये, इहीनबाई. इतली सेवा त देवाची बी होत नाही." आणि वर म्हणालात, "पन देवाचं काय, थो बसेलच असते." आपण दोघी इतक्या हसलो की मंजुषा स्वयंपाकघरातून डोकावली. विहिणींना असं हसताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

मग मी स्वयंपाकघरात जाऊन पोरीची हजेरी घेतली. "काहून वं, त्यायले काही करू देत नाहीस?"

"आई, मी दिवसभर बाहेर," ती म्हणाली. "सासू भांडे घासून राह्यली असं शेजारनीनं पाह्यलं त काय म्हनन? आन तुलेच लोक विचारतीन, पोरीले हेच शिकवलं काय म्हनून."

लोक तसं म्हणतात हे मला चांगलं ठाऊक होतं, मी स्वतः दुसऱ्यांच्या सुनांबद्दल तेच म्हणत आलेली आहे.

रात्रीचं जेवण चाललं असताना सीतादहीची गोष्ट निघाली. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी घरची बाई वावरात पाच दगड मांडून पूजा करते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते, पहिली बोंडं आपल्या हातानं वेचून ओटीत घेते, आणि मगच बाकीच्या बाया कापसाच्या ओळींत शिरतात. नवी नवरी म्हणून आलात तेव्हापासून तो मान तुमचा. मालक गेल्यावरही तो कोणी तुमच्याकडून काढून घेतला नाही. पण अकोल्याला आल्यापासून दोन हंगाम गेले आणि दोन्ही वेळा पूजा हिवरखेडच्या मोठ्या सुनेनं केली. "मले औंदा जाच हाये," तुम्ही म्हणालात. "माह्या पायानं."

सुनीलरावांनी लगेच तोडगा काढला. "आई, काई चिंता नोको करू. तुले खुर्चीवर बसवतो, आमी चौघं उचलून पार वावरात नेतो."

मुलगा किती प्रेमानं बोलला! आणि तुम्ही घास तसाच ताटात ठेवलात. कोणाला कळलं नाही, मला कळलं. उचलून नेणं म्हणजे काय, ते आपल्या वयाच्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी निघताना तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, "तुमी मास्तरीन होत्या ना कवायतीच्या? मंग मले उठवून दाखवा."

आता पंचाईत अशी, की मुलीच्या आईनं मुलाच्या आईला "उठा, बसा, टाचा वर" असं फर्मावायचं कसं? अख्ख्या वऱ्हाडात अशी विहीण झाली नसेल. मूर्तिजापूर येईपर्यंत मी बसमध्ये हाच विचार करत होते. तोडगा शेवटी तुम्हीच काढलात, फोनवर. "फोनवर कोन पायते, कोन इहीन आन कोन मास्तरीन? तुमी सांगत जा."

झालं, सुरू झाली आपली शाळा. सकाळी मंजुषा डबे भरण्यात गुंतली की तुमच्या खोलीतल्या खिडकीत फोन, आवाज मोठा करून. तिला वाटायचं आपण गप्पा मारतोय. "दोघींचं काय जमलंय बाई!" असं ती मलाच कौतुकानं सांगायची आणि मी "हो ना" म्हणायची.

पण शिष्या कसल्या, तुम्ही पक्क्या भांडखोर. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, दोन्ही हात वर. तुम्ही म्हणालात, "हवेत हात हालवाले मले लाज वाटते. भूत लागल्यावानी दिसन. हातात काई त द्या." म्हटलं बरं, उशाचा औषधाचा डबा घ्या, टाचा उचला आणि खोलीतल्या खांद्याएवढ्या फळीवर ठेवा. ठेवलात. आता काढा. तुम्ही विचारलंत, "कायले काढू? आत्ताच त ठेवला." म्हटलं, व्यायाम आहे. तुम्ही म्हणालात, "मंजे ज्यातून काईच निघत नाही असं काम. त्याले तुमी व्यायाम म्हनता."

इथून जे भांडण सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत मिटलं नाही. तुमचं म्हणणं, माणसानं हात न आवरता काम करत राहावं, दुसरं काही करायची गरज नाही. माझं म्हणणं, कामाला जेवढं लागतं तेवढंच ते अंगाकडून करून घेतं. एकदा मी चिडून सांगितलं, "तुमचा सगळा जन्म वाकून गेला. निंदन वाकून, वेचनं वाकून, सारवनं वाकून. हात वर न्यायचं काम वावरानं तुमाले दिलंच नाही, म्हनून हात डोक्यापर्यंत जात नाही." चिडले की माझीही शाळेतली शुद्ध भाषा गळून पडते. तुम्ही मग म्हणालात, "हे बराबर हाये." मी जिंकले म्हणून खूश, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू.

शेवटी आपण मधला रस्ता काढला. व्यायाम करायचा, पण तो कामाच्या पोटात लपवून. वाळलेले कपडे एक गठ्ठा न आणता बाल्कनीतून एकेक आणायचे. पाण्याचा तांब्या शेजारी भरून ठेवायचा नाही, तहान लागली की उठायचं. दात घासताना बेसिन धरून एका पायावर उभं राहायचं. आणि मालिकेत जाहिरात लागली की खुर्चीला हात न लावता उठायचं आणि बसायचं, ती संपेपर्यंत. पूर्वी जाहिराती लागल्या की तुम्ही टीव्हीला शिव्या द्यायचात. आता म्हणायला लागलात, "लवकर संपल्या वं ह्या, माह्यं अजून झालं नोतं."

लिफ्ट बिघडली तेव्हाचा तुमचा फोन मी विसरणार नाही. सगळी इमारत वैतागलेली आणि तुम्ही आनंदानं कुजबुजत होता. "देव पावला! आता पोरगा बी नाही म्हनू शकत नाही. जिन्यानं जाऊन कोथिंबीर आनली." वर येताना मधल्या मजल्यावर एका अनोळखी बाईच्या दारात बसलात, तिच्याकडं चहा प्यालात आणि तिलाही एका पायावर उभं राहायला शिकवून आलात. ते ऐकून मी फोन बंद करून एकटीच हसत बसले.

'बसले' म्हटलं, आणि तुमची चोरी पकडण्याची तऱ्हा आठवली. एका सकाळी मी मोठ्या थाटात सूचना देत होते आणि तुम्ही मध्येच म्हणालात, "इहीनबाई, तुमचा आवाज बसेल येऊन राह्यला."

"म्हणजे?"

"तुमी बसून सांगून राह्यल्या. उभं मानूस असं नाही बोलत. इहीनबाई, उठा."

मी खरंच बसले होते. पलंगावर, मागं उशी, पायावर चादर, हातात चहा. निवृत्त झाल्यापासून कवायत मी फक्त आठवत होते. भाजीबाजार दोन गल्ल्या पलीकडं, तरी ऑटो. गुडघे कुरकुरतात म्हणून देवघरातला पाट जाऊन तिथं उंच स्टूल आलेलं. तुमच्या त्या एका 'उठा'वर मी चहा सांडत उभी राहिले, आणि त्या दिवसापासून जे तुम्हाला सांगायचं ते आधी स्वतः करायला लागले. बाजारात चालत जायला लागले. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून एका पायावर उभी राहायची. तोल सांभाळण्याकडं इतकं लक्ष, की दूध उतू जायचं. पण पाय सुधारले, विहीणबाई. जन्मभर दुसऱ्यांना 'सावधान' म्हणणारी मी, मला 'उठा' म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

मग श्रावणात आपली चोरी उघडी पडली. दुपारी घरात कोणी नव्हतं, तुम्हाला हुरूप आला, आणि बरबटीच्या शेंगा घेऊन तुम्ही सरळ फरशीवर बसलात. बसणं जमलं. उठणं मी अजून शिकवलं नव्हतं. मंजुषा संध्याकाळी आली तेव्हा तुम्ही तिथंच होता, शेंगा कधीच्या सोलून झालेल्या, आणि हाताशी लागलेला तांदळाचा डबा ओढून तुम्ही तांदूळ निवडायला घेतलेले. तिला भोवळच यायची बाकी होती. तुम्ही आपलं सांगताय, "म्या पडली नाही वं, बसली होती. पडनं आन बसनं येकच हाये काय?" पण व्हायचं ते झालं. सगळं बाहेर आलं आणि मला फोन आला. "आई, तू माह्या सासूले हे धंदे शिकवले?"

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याची बस धरली. माझ्या शिकवण्यापायी लेकीच्या सासूचं हाड मोडलं असतं, तर कोणत्या तोंडानं उभी राहिले असते? जावई थोडक्यात बोलतो तेव्हा सासूनं समजून जायचं असतं. सुनीलराव फक्त म्हणाले, "आई, आता हे राहू द्या." आणि तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "राहू देत नाही मी. उठाचं कसं ते त्यायनं सांगतलंच नाही अजून. ते सांगू द्या, मंग काय थे ठरवा."

आता सांगायचं कसं? जमिनीवरून उठणं तोंडानं शिकवता येत नाही. त्यासाठी आधी जमिनीवर बसावं लागतं, मग कुशीवर वळून हातापायांवर यावं लागतं, लहान मूल रांगतं तसं. आणि समोर जावई उभे! इतक्या वर्षांत ज्या माणसापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्याच्यापुढं मी दिवाणखान्यात रांगले. एक गुडघा पुढं, हात स्टुलावर, जोर, आणि उभी. सुनीलराव बिचारे खिडकीबाहेर बघत होते, जणू बाहेर काही मोठी गंमत चाललीय. आधी मंजुषाला हसू फुटलं, मग तुम्हाला, मग त्यांनाही आवरेना. तुम्ही खाली बसलात आणि माझ्यासारखं करत, स्टूल धरून, दोन प्रयत्नांत उठलात. कोणी हात लावला नाही. मंजुषा म्हणाली, यात काय एवढं, आणि तीही बसली. तिचे गुडघे असे वाजले की आपण दोघी एकदम "अगं बाई!" म्हणालो. तिला आपल्या दोघींपेक्षा जास्त वेळ लागला.

त्या संध्याकाळपासून तुमच्या घरात 'राहू द्या' हा शब्द बंद झाला. मंजुषानं दुधाचं भांडं आणि देवाचं सगळं तुमच्याकडं दिलं. शेजारीण काय म्हणते ते मी विचारलं, तर म्हणे ती रोज सकाळी तुमच्याबरोबर जिना चढते.

आणि दिवाळीच्या तोंडावर सीतादही आली. तुम्ही मलाही बोलावलंत. मुलीच्या आईचं मुलाच्या वावरात काय काम, असं मी म्हटलं, तर म्हणालात, "मास्तरीन परीक्षेले नाही येत काय?" हिवरखेडला पांदणीच्या, म्हणजे वावराकडच्या कच्च्या वाटेच्या, तोंडाशी गाडी थांबली. पुढं गाडी जात नाही. पावसात तुडवलेली काळी माती वाळून तिची दगडासारखी ढेकळं झालेली. सुनीलरावांनी डिकीत खुर्ची ठेवलेली मी पाहिली, "असू द्या, लागली तर" म्हणून. तुम्ही तिच्याकडं ढुंकून बघितलं नाही. हातात काठी, पायात जाड तळाचे बूट. नऊवारीखाली नातीनं आणलेले ते पांढरे बूट काय शोभत होते! मी तुमच्या मागं चालत होते. ढेकूळ आलं की थांबायचात, श्वास घ्यायचात आणि मागं न बघता विचारायचात, "हाये ना?" मी म्हणायची, "हाये." असं करत करत आपण वावराच्या बांधाला, धुऱ्याला पोचलो. पांढरंशुभ्र वावर फुटलेलं. तुम्ही काठी टेकून उभ्या राहिलात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवलीत.

पूजा तुम्ही जमिनीवर बसून केलीत. पाच दगड, कुंकू, दहीभात, पहिली बोंडं ओटीत. सगळं यथासांग झालं. मग उठायची वेळ आली आणि माझ्या ध्यानात आलं. इतके महिने आपण सराव केला तो स्टूल धरून, खुर्ची धरून, पलंग धरून. वावरात धरायला काय आहे? कापसाची पऱ्हाटी धरली तर ती मोडते. इतकी जन्मभराची मास्तरीण मी, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तुम्ही कुशीवर वळलात, हातापायांवर आलात, गुडघा पुढं घेतलात आणि तिथंच अडकलात. दोन्ही मुलगे पुढं सरसावले. तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलंत. तोच हात, जो डोक्यापर्यंत जात नव्हता.

मी मग काही विचार केला नाही. तुमच्याशेजारी मातीत गुडघे टेकले आणि म्हटलं, "खांदा घ्या." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात, जोर केलात, खांदा चांगला दुखला, आणि तुम्ही उभ्या! वेचायला आलेल्या बाया ओरडल्या, कोणी टाळ्या पिटल्या. सगळे तुमच्याकडं धावले आणि मी खाली मातीत तशीच. आता मला धरायला काही नव्हतं. तुम्ही वळून बघितलंत आणि हसत सुटलात. "अवं माय, आता तुमाले कोन उठवन?" मग एक पाय मागं रोवलात, काठी घट्ट धरलीत आणि मोकळा हात माझ्यापुढं केलात. "इहीनबाई, उठा." तुम्ही मला उठवलंत. मघाशी मी खांदा दिला होता तो उपकार म्हणून मिरवायची सोयसुद्धा ठेवली नाहीत.

त्यावरूनही आपलं भांडण राहिलं. तुम्ही सगळ्या अकोल्याला सांगत सुटलात की वावरात कोणाला न धरता उठली. मी म्हणायची, "आन माहा खांदा?" तुम्ही म्हणायचात, "तो काय, पऱ्हाटीसारका आपला उभा होता तथी." मी म्हणायची, "पऱ्हाटी मोडली असती, मी मोडली का?" रोज सकाळी निदान एकदा हे व्हायचंच. आता खरं सांगते, मला त्या भांडणाचाच रोज सकाळी हुरूप यायचा.

संक्रांत झाली आणि त्या रविवारी तुम्ही दुपारी जेवलात, स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलंत, जरा आडव्या झालात आणि उठला नाहीत. इतकंच. मंजुषा रडत रडत मला सांगत होती, "आई, सकाळी त जिन्यानं जाऊन आल्या होत्या." तिला त्याचं दुःख वाटत होतं, मला त्याचा अभिमान वाटला. शेवटच्या काळात एकही दिवस कोणी तुम्हाला भरवलं नाही, बगलेत हात घालून उभं केलं नाही. चौघांनी तुम्हाला उचललं ते त्या संध्याकाळी, आणि त्या वेळी तुमची हरकत चालली नाही. सुनीलराव पुढं होते. मोक्षधामापर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही.

तेरवीची पंगत उठल्यावर ते माझ्यापाशी येऊन बसले, सतरंजीवर. म्हणाले, "आई, पुढच्या सीतादहीले दोघी सुना बसतीन. पन तुमी बी या. तिनं सांगून ठेवलं होतं." कधी सांगून ठेवलंत, विहीणबाई? मला का नाही सांगितलंत? मी हो म्हटलं. आणि मग त्यांच्यासमोरच हिशेब लक्षात आला, की वावरात बसेन मी, पण उठताना शेजारी तुमचा खांदा नसेल आणि पुढं आलेला तुमचा हातही नसेल. पोरं धावतील, ती गोष्ट वेगळी. ती धावू नयेत अशी माझी इच्छा आहे. का, ते तुम्हाला सांगायला नको.

अमरावतीला परत आले तशी देवघरातलं स्टूल बाहेर काढलं. सकाळी फोन करायच्या वेळेला जमिनीवर बसते. कुशीवर वळते, हातापायांवर येते, गुडघा पुढं घेते आणि हात स्वतःच्याच मांडीवर दाबते. पहिल्या दिवशी पलंग धरला. दुसऱ्या दिवशी धपकन परत बसले आणि तुम्हाला मोठ्यानं शिवी दिली. त्यानंतरही बरेचदा बसले. रडलेही, खोटं कशाला बोलू. आज सकाळी मात्र काहीही न धरता उठले, विहीणबाई. सरळ उभी राहिले, खोलीच्या मधोमध, दोन्ही हात मोकळे. घरात बघायला कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते आहे.